पाच वाजताचं खळं

"पायातलं काढा."

काकी एवढंच म्हणायच्या, तेही तोंडाने कमी आणि हनुवटीने जास्त. हनुवटी तुमच्या पायाकडे वळली की समजायचं, आपलं काहीतरी चुकलेलं आहे. मतं मागायला आलेला पुढारी असो, डोस पाजायला आलेली नर्स असो, नाहीतर दारोदार साड्या विकणारा असो, त्या हनुवटीपुढे सगळे सारखे. सगळे वाकायचे आणि चपला काढायचे.

माझी आणि त्यांची पहिली भेटही अशीच झाली. मी तेव्हा रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला जायचो, राहायला पेणला रामवाडीत, आणि सुट्टीच्या दिवशी कबड्डीचा पंच. आमच्या रायगडात पंचाचे काय हाल असतात ते तुम्ही पाहिलं असेलच. जत्रेला होत नाही एवढी गर्दी सामन्याला होते, आणि सामना हरला की चूक खेळाडूची कधीच नसते, ती पंचाची असते. त्यामुळे पंचाला दोनच गोष्टी तारतात, नियमांचं पुस्तक आणि पायातले बूट. कधी पळावं लागेल सांगता येत नाही.

त्या दिवशी माझ्या पायात नवे कोरे पांढरे कॅनव्हासचे बूट होते. हायवेलगतच्या झोपडपट्टीत मुली कबड्डी खेळतात असं कोणीतरी सांगितलं, म्हणून बघायला गेलो. मैदानात पाय टाकणार तोच पन्नाशीची, काटक, पदर कमरेला खोचलेली एक बाई समोर आली आणि तिने हनुवटी हलवली. मी म्हटलं, बाई, मी पंच आहे, पंचाला बूट चालतात, तसा नियम आहे.

"तुमचा नियम मैदानाला. हे खळं हाय."

मी बूट काढले. राग आला होता, पण काढले.

ज्यांनी खळं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. भात कापून झालं की ते मळायला जमीन तयार करावी लागते. माती खणायची, पाणी मारायचं, चोपून चोपून पाटासारखी सपाट करायची, वर शेणाने सारवायचं. मधोमध एक लाकडी खांब रोवायचा. त्याला मेढ म्हणतात. तिच्याभोवती बैल फिरवून भात मळतात. वर्षाचं धान्य त्या जमिनीवर उतरतं, म्हणून तिथे कोणी चपला घालून जात नाही.

काकींचं माहेर आतल्या भातशेतीच्या गावातलं आणि सासर खाडीकाठचं. एका वर्षी खाडीचा बांध फुटला, शेतात खारं पाणी शिरलं आणि ते घर उठून पेणला या वस्तीत आलं. नवरा काही वर्षं मिठागरावर जात राहिला, मग छातीच्या दुखण्याने गेला. मूलबाळ नव्हतं. काकी हायवेवरच्या एका हॉटेलात तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या, सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत.

वस्तीची पहिली झोपडी आणि हायवे यांच्या मध्ये एक मोकळा तुकडा पडून होता. दगड, फुटक्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या. दिवाळी सरली की गावाकडे खळी करायला घेतात, आणि काकींचे हात शिवशिवायला लागायचे. इथे शेत नाही, भात नाही, बैल नाहीत. तरी एका वर्षी त्यांनी त्या तुकड्यावर खळं करायला घेतलं. एकटीने, आठ दिवस खपून. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. कोणीतरी तोंडावर विचारलंही की भात कुठाय?

"खळं तर होऊ दे," काकी म्हणाल्या.

भात आलाच नाही. पोरी आल्या.

इथे जरा त्या पोरींबद्दल सांगितलं पाहिजे. वस्तीतल्या मुलग्यांना नाका होता, पुलाचा कठडा होता, शाळेचं मैदान होतं. मुलींना घर, शाळा आणि नळ. चौदा-पंधरा वर्षांची पोरगी नुसती उभी दिसली तरी कोणीतरी विचारायचंच, इथे काय करतेस. हातात हंडा नसेल तर तिला बाहेर उभं राहायचा हक्कच नव्हता. शाळेत पत्ता विचारला की त्या 'रामवाडी' सांगायच्या. खरा पत्ता सांगितला तर बाकावरची शेजारीण जराशी सरकून बसायची. हे मला संगीताने सांगितलं. संगीता म्हणजे त्या सगळ्यांत लुकडी आणि सगळ्यांत आगाऊ. तिने हे हसत हसत सांगितलं, म्हणून मला जास्त लागलं.

वस्तीतला नळ साडेचारला यायचा आणि सहाला जायचा, म्हणजे खेळायची वेळ तीच पाण्याची. काकींनी घरोघरी जाऊन आयांना सांगून टाकलं की पाच ते सहा पोरगी माझी आणि तिचा हंडाही माझा. त्या दिवशी ज्या पोरी खेळणार नाहीत त्यांनी खेळणाऱ्यांचे हंडे भरायचे. हात कमी पडले तर काकी स्वतः रांगेत. एका आईने नाक मुरडलं, मुलीच्या जातीला कबड्डी कशाला म्हणाली. काकींनी तिच्याशी वाद घातला नाही. रोज तिच्या घरचे चार हंडे भरून दारात नेऊन ठेवायला लागल्या. आठव्या दिवशी ती बाईच शरमली आणि पोरीला घेऊन खळ्यावर आली.

माझं आणि काकींचं वाजलं ते मेढीवरून. खळ्याच्या बरोबर मध्ये, म्हणजे कबड्डीच्या मध्यरेषेवर, छातीएवढा उंच लाकडी खांब. त्याला गोणपाट गुंडाळलेलं. पोरी त्याच्या डाव्या-उजव्या अंगाने चढाया करत होत्या. मी वीस वर्षांत असलं मैदान पाहिलं नव्हतं. म्हटलं, बाई, एखादीचं डोकं फुटेल. आणि नियमात बसत नाही.

"मेढीशिवाय खळं नसतं, पंच."

"मग इथे कबड्डी खेळवू नका."

"तुम्ही बघू नका."

मी तरातरा निघून आलो. महिनाभर फिरकलो नाही. पण खरं सांगू का, रविवारी घरात बसवेना. पुन्हा गेलो तर पोरी त्या खांबाला हात टेकून अशा गर्रकन वळत होत्या की पकड करणारीच्या हाती वारा लागावा. डोकं कोणाचंही फुटलं नव्हतं. मी हात टेकले. बूट काढून ठेवले आणि दर रविवारी नियम शिकवायला लागलो.

पुढच्या वर्षी रोह्याला मुलींचे सामने होते. प्रवेशअर्ज मीच भरायला बसलो. संघाच्या पत्त्यापाशी आलो आणि माझ्यातला पांढरपेशा जागा झाला. म्हटलं, रामवाडी लिहू, बरं दिसेल.

"रामवाडीत आम्ही झोपायला जातो काय? राहतो तिथलंच लिवा," काकी म्हणाल्या.

लिहिलं. रोह्याला लाऊडस्पीकरवाल्याने नाव पुकारलं ते शब्द लांबवून, 'पेण, झोपऽडपट्टी' असं, आणि मांडवात दोघे-तिघे हसले. पोरींच्या माना खाली गेल्या. काकी उठल्या, मधल्या गर्दीतून सरळ त्याच्या टेबलापाशी गेल्या आणि अगदी गोड आवाजात त्याला म्हणाल्या की पोरींना नीट ऐकू नाही आलं, पुन्हा एकदा सांग. त्याने पुन्हा सांगितलं. या खेपेला शब्द लांबला नाही. काकी तिथेच उभ्या होत्या.

माझा त्या संघाशी संबंध, म्हणून त्या सामन्यांना मी पंच म्हणून उभा राहिलो नव्हतो. बरंच झालं म्हणायचं. कारण संगीता पहिल्या चढाईला सुसाट निघाली, मध्यरेषेपाशी आली, आणि काही नसताना अर्धा वळसा घालून पलीकडे गेली. तिथे मेढ नव्हती, पण पायांना कोण सांगणार? मांडव खो खो हसला. पण समोरच्या संघाची कोपऱ्यातली मुलगी तिच्या सरळ वाटेवर झेप घेऊन बसली होती, ती तोंडावर आपटली, आणि संगीता दोघींना शिवून परत आली, तीही वळसा घालूनच. पाठोपाठ दुसरी गेली. तिसरी गेली. सगळा संघ हवेला वळसे घालत होता. पहिला सामना आम्ही जिंकलो.

दुसऱ्या सामन्यातला संघ हे सगळं बाहेर बसून बघत होता. वळसा जिथे संपतो तिथे त्यांनी दोन धिप्पाड मुली उभ्या केल्या. आमच्या पोरी एकेक करून त्यांच्या मिठीत जाऊन पडल्या. मला ते बघवेना.

टेम्पोने परत निघालो. नागोठणं आल्यावर मी म्हटलं, काकी, आता तरी मेढ काढा.

"त्या लोकांनी मेढ लावली नव्हती, त्यात आपल्या पोरींची काय चूक?"

सगळ्या पोरी हसल्या. एकटी संगीता हसली नाही. ती फळीला डोकं टेकून मुसमुसत होती, आणि काकी पेण येईपर्यंत तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. दोन दिवसांनी मी खळ्यावर गेलो तर मेढ मध्ये नव्हती. काकींनी ती उपटून रेषेबाहेर, एका कडेला रोवली होती. मी काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या की बैल गोल फिरतात, पोरींना सरळ जाऊ दे. मला जिंकल्यासारखं वाटलं. पंधरा दिवसांत माझा तो आनंद ओसरला.

कारण मेढ मध्ये होती तोवर त्या तुकड्यावर कोणाला गाडी घालता येत नव्हती. आता येत होती. एका सकाळी बघतो तर खळ्यावर लांबलचक ट्रेलर उभा. कंपन्यांना माल पोचवणाऱ्या एका शेठचा तो. जागा आपल्याला मिळाली आहे म्हणाला. कागद दाखव म्हटलं तर दाखवीना. ट्रेलर हलला तेव्हा सारवलेल्या जमिनीत वीतभर खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. ही करणी माझी होती, आणि काकी ते एकदाही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी अर्ज लिहिले. माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळे अर्ज देखणे झाले. प्रत्येकावर शिक्का पडला आणि पुढे घोडं पेंड खात राहिलं. काकींनी अर्जांवर सही केली, मग खाली बसून माती खणायला घेतली. खळं पुन्हा केलं. ट्रेलर पुन्हा आला. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, मेढ परत मध्ये लावू, गाडी येणार नाही.

"आता नाय. पोरी सरळ धावायला शिकल्यात."

"मग करायचं काय?"

"पाचला खेळायचं. रोज. एक दिस मोकळं दिसलं की चाक येईल."

चौथ्या वेळी मी तिथे होतो. दुपारची वेळ, खळं नुकतंच सारवलेलं, ओलं. कडेच्या मेढीला झेंडूची माळ आणि पुढे सुपात रेशनचे तांदूळ, कारण खळ्याची पूजा केल्याशिवाय काकींना राहवत नसे. ट्रेलर वळला आणि खळ्याच्या तोंडाशी थांबला. ड्रायव्हर नवा होता, कुठल्यातरी भाताच्या गावचा. तो खाली उतरला. सारवण बघितलं, सूप बघितलं. काकींची हनुवटी हलायच्या आधीच त्याने चपला काढल्या, वाकून नमस्कार केला आणि परत जाऊन कॅबिनच्या पायरीवर बसला. तासाभरात शेठ मोटारसायकलवरून आला. ड्रायव्हरने त्याला सांगितलं, खळ्यावर चाक घालणार नाही. शेठने आईवरून दोन शिव्या दिल्या आणि स्वतःच स्टिअरिंगवर बसला.

आता ट्रेलर विकत घेणं वेगळं आणि ट्रेलर वळवणं वेगळं. शेठने तो पुढे घेतला, मागे घेतला, आणि शेवटी असा दुमडून ठेवला की तोंड वस्तीच्या गटारात आणि शेपूट हायवेवर. दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबल्या. एसटीतले लोक उतरून शेठला ड्रायव्हिंग शिकवायला लागले. पोलीस आले, त्यांनी लायसन मागितलं, ते नव्हतं. मग गाडी इथे का आणली विचारलं, जागेचा कागद मागितला, तोही नव्हता. वस्तीने असा तमाशा फुकटात कधी पाहिला नव्हता. काकी हसल्या नाहीत. त्या ड्रायव्हरला पाणी देत होत्या. त्याची नोकरी गेली, तेव्हा नवी मिळेपर्यंत त्याला जेवायलाही त्यांनीच घातलं.

शेठ सुधारला असं समजू नका. तो टपून राहिला. सुट्टीच्या दिवशी, सणाला, खळं जरा सुनं दिसलं की ट्रेलरचं तोंड हायवेवरून डोकावायचं. आणि म्हणून पुढची सात वर्षं, चिखलात ट्रेलरही रुतणारे पावसाळ्याचे महिने सोडले तर, पाचचा खेळ एकदाही चुकला नाही. परीक्षा असली तरी चार जणी यायच्याच. लग्न झालेल्या पोरी दिवाळीला माहेरी आल्या की आधी माती तुडवायला उतरायच्या, मग फराळ. संगीता रोह्याला माझ्याच कंपनीत पॅकिंगला लागली. मुलाखतीत पत्ता विचारला तेव्हा तिने वस्तीचाच सांगितला, आणि साहेबाने पुन्हा विचारल्यावर पुन्हा तोच सांगितला. हे मला साहेबानेच सांगितलं.

काकी फाल्गुनात गेल्या. हॉटेलात तव्यापाशीच चक्कर आली, दोन दिवस दवाखान्यात होत्या, तिसऱ्या दिवशी सकाळी संपल्या. आदल्या संध्याकाळी संगीता उशाशी होती. काकी तिला म्हणाल्या, "मला खळ्यावर ठेवू नको गो. पाचला खेळायचं हाय."

वस्तीतल्या गल्ल्या एवढ्या अरुंद की मयत झालं की ते पुढच्या मोकळ्या जागेत आणून ठेवायचं, ही तिथली रीतच. त्या दिवशीही माणसं तिरडी बांधायला खळ्याकडे निघाली. संगीता आडवी उभी राहिली. वडीलधारे चिडले, म्हणाले असं कुठे असतं काय, जिने केलं तिलाच जागा नाही? मीही त्यांच्याच बाजूचा होतो. तिने कोणाचं ऐकलं नाही. काकींना गल्लीत, त्यांच्या दारापुढेच ठेवलं. बायका एकमेकींच्या खांद्यावरून वाकून दर्शन घेत होत्या. तिरडी निघाली तेव्हा एका वळणावर ती तिरपी करावी लागली आणि मला रडू फुटलं.

शेठला बातमी लागली होती. त्याने हारही पाठवला आणि ट्रेलरही. आम्ही स्मशानातून परत आलो तेव्हा तो खळ्याच्या तोंडाशी इंजिन बंद करून उभा होता. आत घातला नव्हता. सगळ्या वस्तीभर सुतक, खळ्यावर चिटपाखरू नाही, संध्याकाळ व्हायची फक्त वाट बघायची होती.

पावणेपाचला पोरी आल्या. केस ओले, डोळे सुजलेले. आताच्या सात, आणि जुन्यांपैकी ज्यांना निरोप पोचला त्या पाच जणी, एकीच्या कडेवर मूल. संगीता रांगोळी घेऊन रेषा मारायला लागली. मागून कोणीतरी बोललं की चिता अजून विझली नसेल आणि ह्या कबड्डी खेळणार, सुतकाची तरी लाज धरा. संगीता रेषा मारता मारताच म्हणाली, "सुतक आम्हालाच हाय. आम्हीच खेळणार."

मग माझ्याकडे वळली. "काका, शिट्टी."

पहिल्यांदा फुंकली तर आवाजच निघाला नाही. दुसऱ्यांदा वाजली. हळूहळू घराघरांतून माणसं बाहेर आली आणि चारी बाजूंना उभी राहिली. ज्यांनी नावं ठेवली तेही आले.

पहिली चढाई संगीताची. मध्यरेषा ओलांडून ती आत शिरली, कबड्डी कबड्डी म्हणत डाव्या कोपऱ्यापर्यंत गेली, आणि तिथे तिला हुंदका आला. शब्द तुटला. क्षणभरच तुटला, लगेच तिने पुन्हा धरला. तुम्हाला नियम माहीत आहे. चढाईत शब्द तुटला की बाद, मग कारण काही असो. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या शेजारचा माणूस हळूच म्हणाला, आज राहू द्या हो. मलाही तेच वाटत होतं. पण काकींच्या खळ्यावर, काकींच्या पोरीला, काकी गेल्या त्या दिवशी दयेने खेळवायचं हे मला जमेना. मी हात वर केला.

संगीता थांबली. माझ्याकडे पाहिलं. "बरोबर हाय," म्हणाली, आणि बाद झालेल्यांच्या जागी जाऊन बसली. तिथे मात्र ती मोठ्याने रडली, दिवसभरात पहिल्यांदा.

समोरून दुसरी पोरगी चढाईला निघाली होती. मी मध्यरेषेवर डोळे लावले. लोक सांगतात, त्यानंतर थोड्याच वेळाने ड्रायव्हरने इंजिन चालू केलं आणि ट्रेलर मागे घेऊन हायवेला लागला. असेल. चढाई चालू असताना पंचाला नजर हलवता येत नाही, त्यामुळे तो कधी गेला ते मी काही पाहिलं नाही.